कार्ट्रिज आधी उघडा, मग त्याचं कौतुक करा

जुन्या व्हिडिओ गेमची कार्ट्रिजं जमवायचं मनावर घेतलं असेल, तर पहिली खरेदी कार्ट्रिजची नको, स्क्रूड्रायव्हरची करा. एनईएस (निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम), सुपर निन्टेंडो, निन्टेंडो ६४, गेम बॉय, सेगा जेनेसिस या सगळ्या गेम-यंत्रांच्या, म्हणजे कन्सोलांच्या, बहुतेक कार्ट्रिजांना ३.८ मिलिमीटरचा खास स्क्रू असतो. त्याचं डोकं वर आलेलं आणि कडेने कंगोऱ्यांचं, त्यामुळे टोक पोकळ असलेला स्क्रूड्रायव्हरच त्यावर बसतो. गेम बॉय अॅडव्हान्सला तीन पात्यांचा ट्राय-विंग लागतो. ४.५ मिलिमीटरचं टोक काही कन्सोल उघडायला लागतं, तेही सोबतच घ्या. पेनाचं प्लास्टिक तापवून स्क्रूवर दाबायचं आणि ते टोक म्हणून वापरायचं, असा एक जुगाड सर्रास सांगितला जातो. त्यात स्क्रूची डोकी झिजतात आणि आत वितळलेलं प्लास्टिक सांडतं. नको त्या फंदात पडू नका.

स्क्रूड्रायव्हर आधी का, तर लेबल आज कुणीही छापू शकतं. प्लास्टिकचं कवचही हुबेहूब मिळतं. आतला बोर्ड हुबेहूब करणं मात्र कष्टाचं काम आहे आणि नकली माल विकणारा तेवढे कष्ट सहसा घेत नाही. म्हणून मी दुर्मीळ आणि महागडं कार्ट्रिज घेताना बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो मागते. देणारा कां कू करायला लागला की मी पुढची वस्तू बघते.

आत काय बघायचं

निन्टेंडोच्या अस्सल बोर्डावर कंपनीचं नाव, वर्ष आणि बोर्डाचा प्रकार छापलेला असतो. एका मोठ्या चिपमध्ये (एनईएसमध्ये बहुतेकदा दोन) गेम असतो. ती कारखान्यातच डेटा कोरून आलेली मास्क रॉम असते आणि तिच्या पाठीवर थेट छपाई असते. एनईएस, सुपर निन्टेंडो आणि निन्टेंडो ६४च्या बोर्डावर शेजारी कुलपाची छोटी चिप, परवाना नसलेलं कार्ट्रिज अडवणारी. गेम सेव्ह होत असेल तर बहुतेकदा रॅमची चिप आणि नाण्यासारखा सेल. मोठ्या चिपवर छापलेल्या खुणांऐवजी चिकटवलेला कागद दिसला, तर तो हळूच उचलून बघा. खाली काचेची गोल खिडकी असेल तर ती ईप्रॉम, म्हणजे कुणीतरी घरी भरलेली चिप. स्वस्तातल्या अस्सल कार्ट्रिजचा बोर्ड घ्यायचा, त्यावरची चिप काढायची आणि महागड्या गेमची बसवायची, हा धंदा जुना आहे. तिथे बोर्डावर नाव खरं असतं, चिप खोटी असते. हाताने दिलेले सोल्डरचे डाग मूळ डागांपेक्षा गुबगुबीत आणि चकचकीत दिसतात, आजूबाजूला फ्लक्सचा (सोल्डरिंगला लागणाऱ्या रसायनाचा) तपकिरी चिकटपणा उरलेला असतो.

चिपांवर चार आकडी तारीख असते. ९१४२ म्हणजे १९९१ सालचा बेचाळिसावा आठवडा. एका बोर्डावरच्या सगळ्या चिपांच्या तारखा एकमेकींच्या आसपास असायला हव्यात. बाकीच्या १९९१च्या आणि गेमची चिप १९९८ची, असं दिसलं की ते कार्ट्रिज बाजूला ठेवायचं.

चिपच्या जागी काळा गोल थेंब असेल तर संशय घ्यावा, पण एकट्या थेंबावर निकाल देऊ नये. काही अस्सल कार्ट्रिजांतही असा थेंब असतो. आकार वेगळा म्हणून नकली, हेही खरं नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स सेगासाठी स्वतःची कार्ट्रिजं बनवायची. ती उंच असतात आणि कडेला पिवळी पट्टी असते. टेंजेनने एनईएससाठी परवान्याशिवाय काढलेली कार्ट्रिजं काळी आणि वेगळ्याच घडणीची आहेत, आणि तीही मागणी असलेली.

गेम बॉय अॅडव्हान्सचं न उघडताही बरंच कळतं. खालच्या फटीतून टॉर्च मारा. पिनांच्या वर बोर्डावर बारीक अक्षरात निन्टेंडो लिहिलेलं दिसायला हवं. लेबल तिरकं धरलं की त्यावर कागदात दाबून उमटवलेला छोटा आकडा दिसतो. बोट फिरवलं तर जेमतेम जाणवतो. पोकेमॉन रुबी, सफायर आणि एमराल्ड यांची कवचं अर्धपारदर्शक असतात, आतला बोर्ड अंधूक दिसतो. या मालिकेतले गेम एवढे नकली झालेत की मी त्यात कुणाच्या शब्दावर जात नाही, अगदी ओळखीच्या माणसाच्याही. त्यालाही ते कुणीतरी फसवूनच विकलेलं असतं.

उघडू नये असाही एक गट आहे. अटारी २६००च्या अटारीनेच काढलेल्या कार्ट्रिजांचा स्क्रू लेबलखाली असतो. उघडायचं म्हणजे लेबलाला भोक पाडायचं. तिथे बाहेरून जेवढं कळेल तेवढ्यावर भागवा.

काय जमवायचं

हे मी कोण सांगणार? तरी एक गोष्ट. दुर्मीळ आणि महाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुपर मारिओ ब्रदर्सच्या कोट्यवधी प्रती खपल्या, सुटं कार्ट्रिज कुठेही सापडतं. पण त्याचीच एक सीलबंद प्रत एप्रिल २०२१मध्ये लिलावात ६ लाख ६० हजार डॉलरला गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये सुपर मारिओ ६४ची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला. हे आकडे कार्ट्रिजचे नाहीत, न फाटलेल्या प्लास्टिकच्या वेष्टनाचे आहेत. तुमच्या हातातल्या सुट्या मारिओशी त्यांचा काही संबंध नाही, हे विकणाऱ्याला नम्रपणे सांगावं लागतं. उलट टोकाला १९९०च्या निन्टेंडो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स या स्पर्धेचं कार्ट्रिज आहे, ९० राखाडी प्रती आणि २६ सोनेरी. ते आपल्याला मिळणार नाही, विषय संपला.

कार्ट्रिजांचा इतिहास १९७६च्या फेअरचाइल्ड चॅनल एफपासून सुरू होतो. जेरी लॉसन यांच्या चमूने तो कन्सोल घडवला. एवढ्या सगळ्यात हात घालायला गेलात तर घर भरेल आणि कळणार काहीच नाही. एक कन्सोल धरा. त्याचे बोर्ड, स्क्रू, लेबलांचे कागद डोळ्यांत बसले की नकली माल लांबूनच खटकायला लागतो. माझं दैवत गेम बॉय, बाकी सगळं हौसेपुरतं. आणि घेताना प्रदेश बघा: फॅमिकॉमच्या (एनईएसच्या जपानी रूपाच्या) कार्ट्रिजला ६० पिना आणि एनईएसला ७२, आत जाणारच नाही.

पिना

फुंकर मारणं बंद करा. फुंकरीने गेम सुरू व्हायचा हे खरं, पण ते फुंकरीचं काम नव्हतं. कार्ट्रिज बाहेर काढून परत बसवलं की पिना नव्या जागी टेकायच्या, तेवढ्याने भागायचं. पुढून कार्ट्रिज घालायच्या एनईएसमध्ये तर कुलपाच्या चिपला कार्ट्रिजमधल्या जोडीदाराचं उत्तर मिळालं नाही की ती कन्सोलला साधारण सेकंदाला एकदा रीसेट करत राहते. लाल दिवा लुकलुकतो तो त्यामुळे. फुंकरीतून मात्र ओलावा पिनांवर बसतो आणि धातू गंजतो.

लागतं काय, तर ९० टक्के किंवा त्याहून जास्त शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या. ७० टक्केवाल्यात उरलेलं पाणी असतं, ते वाळायला वेळ घेतं. एनईएसच्या कार्ट्रिजमागे निन्टेंडोने छापलेलंच आहे की बेंझिन, थिनर, अल्कोहोलने साफ करू नका. मी ती सूचना प्लास्टिक आणि लेबलाच्या बाबतीत शब्दशः पाळते. पिनांवर, थोडंसं आणि बोर्ड बाहेर काढून वापरलं तर आयसोप्रोपिलने नुकसान झालेलं मला दिसलेलं नाही.

बोर्ड कवचातून बाहेर काढा. तो कडेने धरा. काडी अल्कोहोलमध्ये बुडवून बाटलीच्या तोंडावर दाबून घ्या. ओली हवी, टपकणारी नको. आता पिनेच्या लांबीच्या दिशेने, वरून कडेकडे ओढा. आडवं घासलं की एका पिनेवरची घाण दोन पिनांमधल्या फटीत जाऊन बसते आणि कापसाचे तंतू कडेला अडकतात. पहिली काडी काळी होईल. वरवर स्वच्छ दिसणाऱ्या कार्ट्रिजचीही होते. काडी फिरवून कोरडी बाजू वापरा, मग दुसरी घ्या, आणि काडी फिकट राखाडी निघायला लागली की मागची बाजू. दोन्ही बाजूंना पिना असतात, मागची विसरून लोक गेम बिघडलाय म्हणतात. शेवटी एक कोरडी काडी. पाच-दहा मिनिटं तसंच ठेवा, मगच कन्सोलमध्ये घाला.

खोडरबर वापरू नका. त्याने पिना लगेच चमकतात म्हणून लोकांना आवडतं, पण रबर म्हणजे बारीक घासकागदच. पिनेवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. तो गेला की खालचं तांबं उघडं पडतं आणि पुढच्या खेपेला अधिक लवकर काळवंडतं. पितळ चमकवायच्या पॉलिशचं तेच, वर त्याचा थर फटीत उरतो. पिना मंद दिसतात पण गेम चालतो? मग राहू द्या मंद.

आणि कन्सोलची खाच. तुम्ही स्वच्छ केलेलं कार्ट्रिज घाणेरड्या खाचेत गेलं की सगळं मुसळ केरात. पातळ पुठ्ठ्यावर धागे न सुटणारं कापड गुंडाळा, अल्कोहोलने जरा ओलं करा, वीज बंद असताना दोन-चारदा आत-बाहेर करा.

सेल

जुन्या कार्ट्रिजमध्ये आपण सेव्ह केलेला खेळ रॅममध्ये असतो आणि वीज नसताना ती रॅम ३ व्होल्टचा लिथियम सेल जागी ठेवतो. सेल संपला की खेळ गेला. गेम चालतो, नवा खेळ सुरूही होतो, फक्त बंद केल्यावर काही उरत नाही. एनईएसच्या द लेजंड ऑफ झेल्डापासून हे सुरू आहे. तो गेम बंद करताना रीसेट दाबून धरायला सांगतो, तेही या रॅमसाठीच. वीज जाताना तिच्यात चुकून काहीबाही लिहिलं जाऊ नये म्हणून.

सगळ्यांत सेल नसतो, हे आधी समजून घ्या. सुपर मारिओ ६४ ईईप्रॉममध्ये सेव्ह करतो, सोनिक ३ एफरॅममध्ये. दोन्हींना सेल लागत नाही. ऑकारिना ऑफ टाइमला लागतो. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये घड्याळही त्याच सेलवर, कन्सोल बंद असतानाही चालू, म्हणून त्यांचा सेल रेड आणि ब्लूपेक्षा लवकर बसतो. रुबी, सफायर आणि एमराल्डचं अजून निराळं: खेळ फ्लॅश मेमरीत सुरक्षित असतो, सेल फक्त घड्याळाला. गेम सुरू करताना सेल संपल्याची सूचना आली तर घाबरू नका. बेरीची झाडं वाढण्यासारख्या घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी थांबतील, एवढंच.

मल्टिमीटर असेल तर सेल न काढता मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या जरा वर दाखवतो. २.५च्या आसपास दिसला तर बदलायची वेळ झाली.

बदलण्यापूर्वी कार्ट्रिजमधला सेव्ह संगणकावर उतरवून घ्या. त्यासाठी यूएसबीला जोडायची रीडर यंत्रं मिळतात आणि नवा सेल बसला की सेव्ह परत भरता येतो. जुना सेल काढल्याबरोबर सेव्ह पुसला जातो. कुणाच्या तरी लहानपणीचे सगळे पोकेमॉन त्यात असू शकतात, त्यामुळे दुसऱ्याचं कार्ट्रिज हातात असेल तर आधी विचारा.

सेल घेताना धातूच्या पट्ट्या जोडलेलाच घ्या. सीआर२०३२, सीआर२०२५, सीआर१६१६ यांपैकी कोणता ते जुन्या सेलवर कोरलेलं असतं. बिनपट्टीच्या सेलला थेट डाग द्यायचा नाही; लिथियम सेल तापला की फुगतो, फुटतो. चिकटपट्टी लावून नवा सेल जुन्या पट्ट्यांत दाबून बसवलेली कार्ट्रिजं विकायला येतात. ती हलवली की सेव्ह जातो.

डाग द्यायचं आयर्न साधारण ३५० अंश सेल्सिअसला. जुन्या डागावर आधी थोडं नवं सोल्डर लावा, मग तो सहज वितळतो. एक पट्टी सैल करा, मग दुसरी. ओढाताण केली तर बोर्डावरचा तांब्याचा गोल उखडून येतो आणि मग तार जोडत बसावं लागतं. बोर्डावर अधिक आणि उणे छापलेलं असतं, ते जुना सेल काढण्याआधी बघा आणि फोटो काढून ठेवा. कधीच सोल्डरिंग केलं नसेल तर आधी भंगारातल्या एखाद्या बोर्डावर हात साफ करा.

कवच आणि लेबल

लेबल नसलेला कवचाचा अर्धा भाग बोर्ड काढल्यावर कोमट पाण्यात, भांड्याच्या साबणाने खुशाल धुवा. लेबलवाला अर्धा फक्त ओलसर कापडाने, लेबल सोडून. अॅसिटोन जवळपासही आणू नका, एबीएस प्लास्टिक त्यात विरघळतं. दुकानाचे जुने किमतीचे स्टिकर हेअर ड्रायरच्या हलक्या उष्णतेने सैल होतात, पण लेबलावर असतील तर मूळ लेबलाचा गोंदही सैल होतो, तेव्हा थोडं तापवा, थोडं सोला, थांबा. प्लास्टिकवर उरलेला चिकटपणा लायटरच्या पेट्रोलने जातो. खिडकी उघडी आणि आजूबाजूला आग नको.

लेबलावर मार्करने मुलाचं नाव लिहिलेलं असेल तर ते राहू द्या. अल्कोहोलने नाव जाईल, खालची शाईही जाईल. शिवाय मला ती नावं आवडतात. प्रत कमी दर्जाची ठरते, त्याचं फार वाईट वाटत नाही.

पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकवर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाचा प्रयोग केला जातो, त्याला रेट्रोब्राइट म्हणतात. कन्सोलवर कुणाला करायचा असेल तर करो. कार्ट्रिजवर मी करत नाही. डाग-डाग उठतात आणि पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. नवं छापलेलं लेबल लावणं तर नाहीच. फाटकं का असेना, मूळचं हवं.

दर्जा ठरवणं

दर्जा देणाऱ्या कंपन्या आहेत. काही शंभरपैकी गुण देतात, वाटा (Wata) नावाची कंपनी दहापैकी, आणि सीलसाठी वेगळं अक्षर. वस्तू अॅक्रिलिकच्या डबीत बंद होऊन येते. सीलबंद, फार महाग वस्तू विकायची असेल तर त्याला अर्थ आहे. सुट्या कार्ट्रिजसाठी मला तो पैशांचा अपव्यय वाटतो, कारण डबीत गेलेलं कार्ट्रिज ना उघडता येतं ना खेळता येतं, आणि आतला सेल बिचारा तिथेच म्हातारा होतो.

माझी पद्धत साधी आहे. वहीत प्रत्येक कार्ट्रिजसाठी कवच, लेबल, पिना, बोर्ड, सेव्ह अशा पाच ओळी, आणि गुणांऐवजी शब्द. ‘चांगलं’ लिहायचं नाही. ‘उजवा वरचा कोपरा सुटलाय, तांदळाएवढा’ असं लिहायचं. लेबल बघताना टॉर्च कडेने, जवळपास आडवी धरा. समोरच्या उजेडात न दिसलेल्या चुण्या, नखाचे ओरखडे, उचलून परत चिकटवलेला कोपरा, सगळं सावली पाडून समोर येतं. रंग उडालाय का ते ओळखायला एनईएसचं लेबल सोपं. ते वरच्या कडेवर दुमडलेलं असतं, आणि फळीवर उभं असताना उजेड त्या कडेवरच पडतो. कडेचा लाल रंग पुढच्या लालशी जुळवून बघा.

सुटं, खोका आणि पुस्तिकेसह पूर्ण, आणि सीलबंद, हे तीन वेगळे बाजार आहेत. ‘पूर्ण’ म्हणून घेताना पुस्तिका त्याच प्रदेशाची आहे ना, आत घालायचा पुठ्ठा आहे ना, हे विचारा. खोका अस्सल आणि पुस्तिका झेरॉक्स, असं मिश्रण फार दिसतं.

ठेवायचं कसं

१८ ते २२ अंश सेल्सिअस, आर्द्रता ४० ते ५० टक्के, ऊन नको. बंद डब्यात सिलिका जेल, रंग बदलणारं घेतलं तर कधी सुकवायचं ते कळतं. पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, पीईटी किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. रबरबँड नको, तो वितळून लेबलाला चिकटतो. पुठ्ठ्याचे खोके पुस्तकांसारखे उभे ठेवा, एकावर एक रचले की खालचा चेपतो.

चुंबकाची भीती सोडा, मास्क रॉमला त्याने काही होत नाही. १९८६मध्ये आलेल्या फॅमिकॉम डिस्क सिस्टिमच्या डिस्का मात्र खरोखर चुंबकीय आहेत, त्या स्पीकरपासून लांब.

आणि नशिबाने एखादं प्रोटोटाइप (गेम बाजारात येण्याआधीची चाचणीची प्रत) हाती आलं, तर ते बहुधा ईप्रॉमवर असेल. अतिनील प्रकाशाने ती चिप पुसली जाते, म्हणून काचेच्या खिडकीवरचा कागद निघालेला असेल तर अपारदर्शक पट्टी लावा. अंधारातही तिच्यातला विद्युतभार दशकांमागून दशकं झिरपत असतो. त्यामुळे तिथे साफसफाई, दर्जा, डबी हे सगळं नंतर. आधी आतला डेटा उतरवून त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.